चित्रपट आणि माध्यम अभ्यासाचं एम.ए. : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी जून उजाडला की तेच प्रश्न येतात. फोनवर, विभागाच्या दारात, कधी रिक्षाच्या रांगेत. गेली काही वर्षं मी हा विषय शिकवते आहे आणि उत्तरं तोंडपाठ झाली आहेत, म्हणून एकदा लिहून काढते. श्रेयांकांचे, म्हणजे क्रेडिटचे, आकडे महाराष्ट्रातल्या विद्यापीठांना धरून आहेत. पेपरांची नावं विद्यापीठागणिक बदलतात, सांगाडा मात्र बराचसा सारखा असतो.

या एम.ए.त सिनेमा काढायला शिकवतात का?

नाही. म्हणजे कॅमेरा हातात येतो, एखादा छोटा माहितीपट किंवा पॉडकास्टही करायला लावतात, पण त्यासाठी हा अभ्यासक्रम नाही. इथे पाहायला, पाहिलेल्यावर विचार करायला आणि तो विचार दुसऱ्याला पटेल असा मांडायला शिकवतात. साहित्याचं एम.ए. केलं म्हणून कोणी कादंबरीकार होत नाही, तसंच हे. दिग्दर्शकच व्हायचं असेल तर दोन वर्षं इथे घालवून नंतर आमच्यावर रागावू नका.

मग एफटीआयआय आणि हे वेगळं कसं?

पुण्यात प्रभात रोड आणि लॉ कॉलेज रोडच्या परिसरात सिनेमा करायला शिकवणारी आणि सिनेमा जपणारी अशा दोन संस्था हाकेच्या अंतरावर दिसतात. प्रभात ही चित्रपट कंपनी 1929 मध्ये कोल्हापुरात सुरू झाली आणि 1933 मध्ये पुण्याला आली. त्याच आवारात 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची एफटीआयआय, उभी राहिली. तिथे दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी असे तीन वर्षांचे कारागिरीचे अभ्यासक्रम चालतात. संस्थेला 2025 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. जवळच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, 1964 मध्ये स्थापन झालेलं. पुढे त्याचे संचालक झालेले पी. के. नायर यांनी ते अक्षरशः फिल्मचा डबा डबा जमवून वाढवलं. आमच्या विद्यार्थ्याचा खरा संबंध या दुसऱ्या इमारतीशी येतो. एका ठिकाणी सिनेमा तयार व्हायला शिकतो, दुसऱ्या ठिकाणी जपला जातो, आणि जपलेल्याचं करायचं काय, हे या एम.ए.त शिकायचं.

एकूण किती वर्षं, किती सेमिस्टर, किती क्रेडिट?

दोन वर्षं, चार सेमिस्टर. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर राज्याने 2023 मध्ये जो आराखडा दिला त्यात पदव्युत्तर पदवी 80 ते 88 श्रेयांकांची आहे, म्हणजे सेमिस्टरला 20 ते 22. अनेक विद्यापीठांनी 22 धरले. ती 88 ची बेरीज अशी होते: अनिवार्य विषयांचे 54, ऐच्छिक विषयांचे 16 (दर सेमिस्टरला 4), संशोधन पद्धतीचे 4, प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणच्या प्रशिक्षणाचे किंवा क्षेत्रप्रकल्पाचे 4, आणि संशोधन प्रकल्पाचे तिसऱ्या सेमिस्टरला 4 व चौथ्याला 6.

हे आकडे वाचून मुलं पान उलटतात. जरा थांबून पुन्हा पाहा. संशोधन पद्धती आणि प्रकल्प मिळून 14 श्रेयांक झाले. शेवटच्या सेमिस्टरमध्ये तर चौथा हिस्सा नुसता प्रकल्पाचा. पुढची बरीच उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

एक क्रेडिट म्हणजे नेमके किती तास?

वर्गातल्या विषयाचे 15 तास, प्रात्यक्षिकाचे 30. चार श्रेयांकांचा पेपर म्हणजे 60 तास शिकवणं. सिनेमा पाहण्याचे तास यात धरायचे की नाहीत, यावर विभागाच्या बैठकीत चहा गार होईपर्यंत वाद चालतो. वेळापत्रकात ते कसेही बसवले तरी विद्यार्थ्याला दोन्ही करावं लागतंच.

चार सेमिस्टरमध्ये काय काय असतं?

पहिल्या सेमिस्टरमध्ये पाया. चित्रभाषा, चित्रपटाचा इतिहास, माध्यमांचे सिद्धान्त आणि संशोधन पद्धती. चित्रभाषा म्हणजे चौकट, कॅमेऱ्याचं अंतर, हालचाल, संकलन, ध्वनी. हा पेपर सोपा वाटतो आणि तिथेच बहुतेकांची दांडी उडते, कारण आपण सगळ्यांनी आयुष्यभर सिनेमे पाहिलेले असतात आणि पाहता येतं अशी आपली ठाम समजूत असते.

मी पहिल्या महिन्यात एक काम देते. कुठल्याही मराठी मालिकेच्या एका भागातली तीन मिनिटं घ्या आणि प्रत्येक शॉट एका ओळीत लिहा: किती सेकंद, कोण चौकटीत, कॅमेरा कुठे, आवाज कसला. एकदा एका मुलीने सासूबाई चहाचा कप खाली ठेवतात तो प्रसंग घेतला. कप टेबलावर टेकतो. मग सुनेचा चेहरा, मग नणंदेचा, मग दारातल्या काकूंचा, पुन्हा सुनेचा, या वेळी जास्त जवळून, आणि दर वेळी तोच ‘ढ्यांग’ आवाज. एक कप, नऊ शॉट, चाळीस सेकंद. संवाद शून्य. ती वर्गात म्हणाली, “मॅडम, यात घडलं तर काहीच नाही. सगळा वेळ कोण कोणाकडे बघतंय यातच गेला.” मी म्हटलं, बाई, हेच लिही. पुढे स्टुअर्ट हॉल, लॉरा मल्व्ही वगैरे सिद्धान्तकार मंडळी वाचनात भेटली तेव्हा तिला ती परकी वाटली नाहीत, कारण कोण कोणाकडे बघतं हा प्रश्न तिच्या वहीत आधीच होता.

दुसऱ्या सेमिस्टरमध्ये भारतीय सिनेमा आणि दूरदर्शनचा इतिहास, प्रेक्षक-अभ्यास, माध्यम उद्योग आणि कायदा, आणि कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण. इथे मुलांना कळतं की इतिहास म्हणजे नुसती सिनेमांची यादी नसते. भारतात दूरचित्रवाणी 1959 मध्ये दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि मुंबई केंद्र 1972 च्या 2 ऑक्टोबरला. मधली तेरा वर्षं महाराष्ट्रातल्या घरांत पडदा नव्हता, रेडिओ होता. ज्या पिढीने श्रुतिका ऐकल्या तिने पुढे मालिका कशा पाहिल्या असतील? असा प्रश्न पडला की समजावं, गाडी रुळावर आली.

ऐच्छिक विषय दर सेमिस्टरला असतोच; तिसऱ्यात त्याच्या जोडीला प्रकल्प सुरू होतो. चौथ्यात प्रकल्प आणि उरलेले पेपर.

स्क्रीनिंगला बसणं सक्तीचं आहे का? घरी मोबाइलवर पाहिला तर नाही का चालणार?

हजेरी लावतात, त्यामुळे सक्तीचं आहेच. पण ते बाजूला ठेवा. मोबाइलवर पाहताना हात आपोआप पुढे ढकलतो. जिथे काही घडत नाही तिथे आपण दहा सेकंद उडवतो, आणि परीक्षेत नेमकं त्या दहा सेकंदांवर विचारतात. अंधारात चाळीस जणांबरोबर पाहताना कोण कुठे हसलं, कुठे खुर्च्या करकरल्या, हेही कळतं. प्रेक्षक-अभ्यासाची सुरुवात तिथूनच होते.

सिद्धान्त फार जड असतात म्हणे. आणि सगळं इंग्रजीत?

वाचन बहुतेक इंग्रजीत, हे खरं. लपवण्यात अर्थ नाही. पहिले दोन महिने मराठी माध्यमातल्या मुलांचा जीव मेटाकुटीला येतो. आठवड्याला तीन लेख, प्रत्येक पंचवीस-तीस पानांचा. एक उपाय सांगते: लेख वाचून झाला की पुस्तक मिटायचं आणि लेखकाचं म्हणणं घरच्या माणसाला सांगावं तसं मराठीत पाच ओळींत लिहायचं. लिहिता आलं नाही तर कळलेलं नाही, पुन्हा वाचायचं.

आणि मराठीत काही नाही असंही समजू नका. मुंबईत 1968 पासून प्रभात चित्र मंडळ चालू आहे. फिल्म सोसायटीच्या चळवळीतून मराठीत चित्रपटांवर गंभीरपणे लिहिणाऱ्यांची फळी तयार झाली. शिवाय काही संकल्पना आपल्याला आयत्या मिळालेल्या आहेत. भारतीय पौराणिक सिनेमात देव थेट समोर उभा राहतो, भक्त हात जोडतो, आणि कॅमेरा त्या दोघांच्या मधल्या रेषेवर येतो. अभ्यासक याला ‘दर्शन’ म्हणतात आणि परदेशातले लेखही हाच शब्द जसाच्या तसा वापरतात. पंढरीच्या रांगेत तासन् तास उभं राहून क्षणभर पाहणं आणि पाहिलं जाणं काय असतं, हे तुम्हाला तळटीप देऊन सांगावं लागत नाही.

उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते का, हे मात्र विद्यापीठाच्या नियमांत पाहा. काही विद्यापीठं परवानगी देतात. प्रकल्प मराठीत करायचा असेल तर गाइड मिळेल का, हे प्रवेशाआधीच विचारून घ्या.

ऐच्छिक विषय कसे निवडावेत?

मैत्रिणीने घेतला म्हणून नको, एवढंच. माहितीपट, ध्वनी, डिजिटल माध्यमं, जात-लिंगभाव आणि पडदा, चित्रपट संग्रहण, पटकथा असे पर्याय असतात. पुस्तिकेत आठ नावं असली तरी पुरेशी मुलं आणि शिक्षक असतील ते दोन-तीनच चालतात. त्यामुळे पुस्तिकेवर जाऊ नका, गेल्या वर्षी प्रत्यक्षात काय चाललं ते वरच्या वर्गातल्यांना विचारा.

कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण कुठे करायचं?

चार श्रेयांक, म्हणजे बहुधा 120 तास. सगळ्यांना निर्मितीसंस्था हवी असते. हरकत नाही, पण मी स्वतः विद्यार्थिनी असताना एका निर्मितीसंस्थेत महिनाभर गेले आणि शिकले काय, तर कोणाला बिनसाखरेचा चहा लागतो. प्रमाणपत्रावर ‘उत्कृष्ट कामगिरी’ होतं! म्हणून जाण्याआधी काम काय देणार ते कागदावर घ्या. संग्रहालयात जुन्या पुस्तिकांची नोंद करणं, वृत्तवाहिनीच्या ग्रंथालयात फुटेजला टॅग लावणं, चित्रपट महोत्सवात कार्यक्रम विभाग, उपशीर्षकांचं भाषांतर, एखाद्या एकपडदा चित्रगृहाच्या जुन्या वह्या, ही कामं कंटाळवाणी वाटतात. प्रकल्पाचं साहित्य मात्र तिथूनच मिळतं.

शोधप्रकल्पाचा विषय कधी ठरवायचा?

तिसऱ्या सेमिस्टरमध्ये, असं नियम सांगतो. पहिल्यात, असं मी सांगते. नक्की विषय नको, पण एक खाज हवी.

दर वर्षी तीन विषय हमखास येतात: मराठी मालिकांतली स्त्री, वेब सिरीजचा तरुणाईवर परिणाम, समाजमाध्यमं आणि राजकारण. हे विषय वाईट नाहीत, पण एका विद्यार्थ्याच्या आवाक्यातले नाहीत. ‘मालिकांतली स्त्री’ म्हणजे कुठली मालिका, कुठलं वर्ष, कुठली स्त्री? शंभर जणांकडून गूगल फॉर्म भरून घ्यायचे, त्यातले नव्वद आपल्याच कॉलेजातले, आणि टक्केवारीचे रंगीत गोल काढायचे, याला मी तरी संशोधन म्हणत नाही.

त्या कपवाल्या मुलीचं उदाहरण पुन्हा घेते. तिलाही सुरुवातीला ‘मालिकांतली स्त्री’च करायचं होतं. आम्ही चिरत चिरत खाली आलो. एक मालिका. सलग सहा भाग. फक्त स्वयंपाकघरातले प्रसंग. प्रत्येकात ओट्यासमोर कोण, दारात कोण, आणि कॅमेरा कोणाच्या बाजूने. तिने तक्ता केला तेव्हा दिसलं की सून ओट्याशी असताना कॅमेरा बहुतेक वेळा दारातून आहे, म्हणजे आत येणाऱ्याच्या जागेवरून. तिच्या जागेवरून दार क्वचितच दिसतं. मग ती सेटवर जाऊन आली तर कारण निघालं साधं: त्या सेटला चौथी भिंतच नव्हती, ओट्याच्या मागे कॅमेरा न्यायला जागा नव्हती. आता खरा वाद उभा राहिला. हे पाहणं विचारसरणीतून येतं की सुतारकामातून? तिचं पूर्ण चौथं प्रकरण या एका प्रश्नावर आहे आणि तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पाऊण तास त्यावरच घालवला.

जुन्या सिनेमावर काम करणाऱ्यांची अडचण निराळी. भारतात हजाराहून जास्त मूकपट तयार झाले, त्यातले फार थोडे आज शिल्लक आहेत. नायट्रेटची फिल्म पेट घेते, सडते. काही तर चांदीसाठी वितळवली गेली. मग सिनेमाच नसेल तर अभ्यास कशाचा? जाहिराती, भित्तिपत्रकं, गाण्यांच्या पुस्तिका, वर्तमानपत्रांतली परीक्षणं, सेन्सॉरचे कागद. चार आण्याच्या पुस्तिकेच्या मलपृष्ठावर पुढच्या बोलपटाची जाहिरात असते, तिच्यावरून कंपनीचा वर्षभराचा बेत कळतो. असं काम करायचं तर संग्रहालयात आधी अर्ज, विभागाचं पत्र, आणि मिळालेल्या तारखेला जाणं, हे सगळं आलं. फेब्रुवारीत जागे झालात तर एप्रिलच्या सबमिशनला हातात काही नसतं.

गाइड कसा मिळतो?

विभाग देतो. आवडता गाइड हवा असेल तर दोन पानांचं टिपण घेऊन आधी भेटा. रिकाम्या हाताने जाऊन “सर, तुम्हीच विषय सुचवा” म्हणू नका.

सिनेमातल्या चौकटी प्रबंधात छापल्या तर कॉपीराइटचा प्रश्न येतो का?

संशोधन, टीका आणि समीक्षेसाठी वाजवी वापराची मुभा 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये आहे. ज्या चौकटीवर लिहिलं आहे तीच द्या, शोभेसाठी नको. चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो, म्हणजे 1930 च्या दशकातले बोलपट केव्हाच मोकळे झाले आहेत. पण संग्रहालयातून प्रत मिळवण्याचं शुल्क आणि अटी वेगळ्या असतात.

दुसरीकडून उचललेलं पकडलं जातं का? एआयचं काय?

पकडलं जातं. यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. 10 ते 40 मध्ये प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागतो, 40 ते 60 मध्ये वर्षभर पुन्हा सादर करता येत नाही, 60 च्या वर नोंदणीच रद्द. यंत्राकडून लिहून घेतलेला सिनेमाचा परिच्छेद ओळखायला मला सॉफ्टवेअर लागत नाही. त्यात शॉट नसतो. ‘प्रभावी छायांकन’ असतं, ‘हृदयस्पर्शी मांडणी’ असते, पण कॅमेरा कुठे होता ते नसतं.

गुण कसे देतात?

अनेक ठिकाणी निम्मे अंतर्गत, निम्मे सेमिस्टरअखेर. अंतर्गतमध्ये निबंध, सादरीकरण, दृश्यविश्लेषण. प्रकल्पाला तोंडी परीक्षा.

एका वर्षाने सोडावं लागलं तर?

पहिल्या वर्षाचे श्रेयांक पूर्ण असतील तर पदव्युत्तर पदविका मिळते. श्रेयांक अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये सात वर्षांपर्यंत राहतात, परत येता येतं. उलट, ज्यांनी चार वर्षांची पदवी केली आहे त्यांना एम.ए. एका वर्षात करण्याची सोय नव्या आराखड्यात आहे. ते वर्ष बहुधा संशोधनाचं, त्यामुळे विषय आधीच डोक्यात नसेल तर घाई करू नका.

बी.कॉम.ला चालेल का? प्रवेश परीक्षा असते का?

बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेची पदवी चालते. माझ्या वर्गात यांत्रिकी अभियंते आणि नर्सिंग केलेली मुलगीही होती, आणि तिने इस्पितळांतल्या टीव्हीवर प्रकल्प केला. केंद्रीय विद्यापीठांना सीयूईटी-पीजी ही सामाईक प्रवेश परीक्षा लागते. दिल्लीच्या जेएनयूमध्ये ‘कला आणि सौंदर्यशास्त्र’ या एम.ए.त सिनेमा शिकता येतो, कोलकात्याच्या जादवपूरमध्ये चित्रपट अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे, मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत माध्यम आणि सांस्कृतिक अभ्यास आहे. राज्य विद्यापीठं आपापली परीक्षा किंवा गुणवत्ता यादी लावतात. मुलाखतीत आवडता सिनेमा विचारला तर नाव सांगून थांबू नका, त्यातला एक प्रसंग सांगा.

परदेशातलं एम.ए. कसं वेगळं असतं?

ब्रिटनमध्ये एका वर्षात 180 श्रेयांक. आकडा ऐकून घाबरू नका. तिथे एक श्रेयांक म्हणजे स्वतःच्या वाचनासकट सुमारे दहा तासांचं काम. त्यातले बहुधा 60 शोधनिबंधाचे, म्हणजे तिसरा हिस्सा, आणि तो उन्हाळ्यात एकट्याने लिहायचा. अमेरिकेत साधारण 30 ते 36 श्रेयांक, दोन वर्षं. न्यूझीलंडमध्ये पूर्णवेळ एका वर्षाला 120 गुणांक धरतात. तिकडे गेलेल्या मुली सांगतात की तासिका आठवड्याला मोजून सहा-सात, बाकी वेळ ग्रंथालय. इथल्या वेळापत्रकाची सवय असलेल्याला पहिल्या महिन्यात सुट्टी असल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या महिन्यात पाणी नाकातोंडात जातं.

नेट, पीएच.डी.?

नेटमध्ये, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत, ‘चित्रपट अभ्यास’ असा स्वतंत्र विषय नाही. आमची बहुतेक मुलं जनसंज्ञापन आणि पत्रकारितेतून बसतात, त्यामुळे जनसंज्ञापनाचे जे भाग आमच्या अभ्यासक्रमात नाहीत ते स्वतः करावे लागतात. पीएच.डी.साठी हा चौथ्या सेमिस्टरचा प्रकल्पच तुमचं ओळखपत्र.

नोकरी लागते का?

हा प्रश्न पालक विचारतात, आणि तो विचारायलाच हवा. थेट ‘चित्रपट अभ्यासक पाहिजे’ अशी जाहिरात येत नाही. ओटीटी कंपन्यांत आशयाचं मूल्यमापन आणि वर्गीकरण, उपशीर्षकं, संग्रहण, महोत्सव, वृत्तसंस्था, जाहिरात संस्थांत संशोधन, अध्यापन, लेखन, या ठिकाणी आमची मुलं आहेत. पहिल्या वर्षीचा पगार अभियंत्याच्या घरात सांगण्यासारखा नसतो. शिष्यवृत्तीला पात्र असाल तर महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरचा अर्ज प्रवेशाच्याच आठवड्यात भरा. उत्पन्नाच्या दाखल्यावाचून तो अडतो आणि तहसील कार्यालयातली रांग तुमच्या सेमिस्टरसाठी थांबत नाही.

पहिल्या दिवशी काय घेऊन यायचं?

वही आणि पेन्सिल. पहिलं स्क्रीनिंग त्याच आठवड्यात असतं आणि दिवे बंद असतात. मोबाइलचा उजेड केलात तर मागची रांग ओरडते. अंधारात न बघता लिहायचं, एका ओळीवर दुसरी चढली तरी चालेल. घरी गेल्यावर त्याच रात्री ते नीट उतरवून काढा, दुसऱ्या दिवशी स्वतःचंच अक्षर लागत नाही.